कॅप्टन वेदरबीची दुसरी जबानी

लिओटा ब्रॅडशॉने पंधरा वर्षांत आठ नौदलमंत्री वापरले. वापरले हाच शब्द बरोबर आहे. ते येत, भिंतीवरच्या जुन्या मंत्र्यांच्या तसबिरी बघत, खुर्ची वरखाली करून घेत आणि ती अंगवळणी पडते न पडते तोच घरी जात. कोणी वकील, कोणी बँकवाला, कोणी वर्तमानपत्रवाला. बाहेरच्या टेबलाशी लिओटा मात्र तशीच. सहीच्या फायलीत कुठला कागद वर, कुठला खाली, हे ती ठरवायची.

आरमाराच्या डोक्यावर गणवेश नसलेला माणूस बसवायचा, हे अमेरिकेने दीडशे वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. तोफा ज्यांच्या हातात, त्यांच्या हातात शेवटचा शब्द नको, एवढा साधा हिशेब. पण दर्यावर्दी मंडळींच्या तो कधी पचनी पडला नाही. एका मंत्र्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला जहाजांवरची दारू बंद केली, त्याच्या नावाने बोटं मोडत नाविक अजून कॉफी पितात. पुढे संरक्षणमंत्री नावाचा आणखी एक माणूस वर आला आणि नौदलमंत्र्याची मंत्रिमंडळातली खुर्ची गेली, तेव्हा कित्येक ॲडमिरलांना गुदगुल्या झाल्या. तरीही काही सह्या त्याच्याच राहिल्या. जहाजाला नाव देण्याची. मेलेल्या नाविकाच्या नोंदीतली चूक दुरुस्त करण्याची. आणि लढाईतल्या कामगिरीबद्दल शाबासकीची.

या सह्यांसाठीच लिओटा इथे आली होती. नोकरीची हौस म्हणून नव्हे.

ती मेरीलँडच्या किनाऱ्यावरच्या क्रिसफील्डची. गाव खेकड्यांवर आणि कालवांवर जगणारं, गल्ल्यांत कालवांच्या शिंपल्यांचे ढीग. तिचा धाकटा भाऊ एल्वुड दुसऱ्या महायुद्धात टॉलिव्हर नावाच्या विनाशिकेवर बॉयलरखोलीत कामाला होता. त्रेचाळीसच्या नोव्हेंबरात, भर दुपारी, प्रशांत महासागरात त्या जहाजावर बॉम्ब पडला. एल्वुड बावीस वर्षांचा होता. तीन महिन्यांनी घरी पत्र आलं. हुकूम मोडून बॉयलरखोलीतून वर निघायची लोखंडी झडप उघडी ठेवल्यामुळे पाणी आत आलं, जहाज बुडता बुडता वाचलं, सबब मृत्यू स्वतःच्या गैरवर्तनाने. खाली नौदलमंत्र्याची सही.

चर्चसमोर गावाने युद्धात गेलेल्या पोरांच्या नावांचा दगड उभारला. समितीने प्रत्येक घराकडून नौदलाचं पत्र मागितलं. ब्रॅडशॉंचं पत्र वाचलं आणि घडी घालून परत दिलं. दगडावर एकवीस नावं आली, बाविसावं आलं नाही. आईने चर्चला जाणं सोडलं. रविवारी ती मागच्या दाराशी बसून खेकडे सोलायची, आणि सोलता सोलताच एक दिवस गेली.

युद्ध संपल्यावर ऑरिन प्युझी घरी आला. तो एल्वुडचा जहाजावरचा सोबती. लिओटाने समोर ठेवलेल्या कालवांच्या रश्श्याला त्याने हात लावला नाही.

"झडप त्याने उघडी ठेवली, हे खरं," तो म्हणाला. "पण आम्हा पाच जणांना वर ढकलेपर्यंतच. पाचवा मी. माझा पाय वर आला आणि त्याने आतून झडप ओढून घेतली, खिट्ट्या लावल्या. मी ऐकलंय लिओटा, एक एक खिट्टी."

"मग पाणी कुठून आलं?"

"बाजूला हे एवढं भगदाड, आणि आमच्या कॅप्टनसाहेबांनी घाबरून पूर्ण वेगात जहाज गर्रकन वळवलं. समुद्र आत घेतला त्यांनीच. मग कोणावर तरी ढकलायला नको? मेलेला माणूस बरा. उलट बोलत नाही."

"तू हे लिहून देशील?"

"दिलं ना. पाचातले दोघे पुढे मेले, दोघे बेशुद्धच बाहेर आले होते. राहिलो मी एकटा. माझ्यासारख्या बॉयलरवाल्याचं कोण ऐकतं तिथे?"

त्या कॅप्टनचं नाव हॉलिस वेदरबी. मोडकं जहाज बंदरात आणलं म्हणून त्याला ताफ्याच्या ॲडमिरलने शाबासकीचं पत्र दिलं. लिओटाने ते नाव डोक्यात असं कोरून घेतलं की दगडावरही इतकं खोल कोरत नाहीत. एल्वुडबद्दलचं पत्र आलं त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ती टंकलेखिका म्हणून नौदल खात्यात लागली होती, आणि आता तर तिने चंगच बांधला. अठ्ठेचाळीस साली नोंद दुरुस्तीचा अर्ज केला. मंत्र्याच्या वतीने असे अर्ज पाहणाऱ्या नागरी मंडळाने वेदरबीला विचारलं. त्याने एका ओळीत कळवलं: माझ्या अहवालातील प्रत्येक शब्दावर मी ठाम आहे. ऑरिनची जबानी एका पारड्यात आणि कॅप्टनची एका. अर्ज फेटाळला.

लिओटा रडली नाही. तिने डूख धरला. माणसं चांगल्या कामासाठी आयुष्य वेचतात त्याचं कौतुक होतं. या बाईने आयुष्य वेचलं ते एका माणसाला खाली ओढण्यासाठी, आणि मला तरी त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. वेदरबीच्या बदल्या, बढत्या, वर्तमानपत्रातली छायाचित्रं, सगळं ती खणात जपून ठेवायची. लग्नाचं विचारणारे दोघे आले आणि कंटाळून गेले. दर नव्या मंत्र्याकडे ती आशेने बघायची आणि आठवड्याभरात ओळखायची, हा न वाचता सही करणारा आहे. अशाची सही काय कामाची? उद्या कोणीही खोडून काढील. तिला वाचणारा हवा होता.

आठवे आले ते लिंडक्विस्ट. मिनेसोटाचे बियाण्यांचे व्यापारी. जहाजाचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे त्यांना दोनदा सांगावं लागलं, त्यावर ॲडमिरल मंडळी महिनाभर हसली. पण हा माणूस प्रत्येक कागद ओळीखाली बोट धरून वाचायचा. बियाणं विकणारा पुडी उघडून बघितल्याशिवाय घेत नाही.

आणि त्याच वर्षी, एकोणसाठच्या ऑक्टोबरात, हॉलिस वेदरबी आपल्या पायांनी चालत तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

त्याचं काम असं होतं. लढाईत शाबासकी मिळवलेला अधिकारी निवृत्त होताना एक पायरी वर चढायचा. पगार वाढत नसे, पण कॅप्टनचा ॲडमिरल व्हायचा, दारावरच्या पाटीवर आणि पुढे थडग्यावर. लोक चेष्टेने त्याला थडग्याची बढती म्हणत. ही चाल एक नोव्हेंबरला बंद होणार होती, त्यामुळे सगळ्यांची झुंबड उडालेली. आणि वेदरबीची गोची झाली होती. कायद्याला शाबासकी हवी होती ती खात्याच्या प्रमुखाची, म्हणजे नौदलमंत्र्याची. ताफ्याच्या ॲडमिरलची चालत नव्हती. याने आयुष्यभर मंत्र्यांना दुकानदार म्हणून हिणवलं, ॲडमिरलचं पत्र चौकटीत घालून मिरवलं, मंत्र्याची सही घ्यावी असं कधी त्याच्या मनातही आलं नाही. आता दुकानदाराच्या दारात टोपी काढून उभा होता.

"मिस ब्रॅडशॉ," तिच्या टेबलावरची पाटी वाचून तो गोड हसला. "बॉस्टनचे ब्रॅडशॉ का? तिकडे माझे स्नेही आहेत त्या नावाचे."

"नाही. आम्ही किनाऱ्यावरचे," लिओटा म्हणाली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एका माणसाचं नाव त्याने चिखलात घातलं आणि ते नाव त्याला ओळखूसुद्धा येत नव्हतं.

"एक सही तर हवी. बायकोने तर भेटपत्रिकासुद्धा छापून घेतल्यात, ॲडमिरल म्हणून. बायकांचा उत्साह, तुम्हाला माहीतच आहे."

"होईल की. तुम्ही फक्त त्या दिवसाची हकीकत शपथेवर लिहून द्या."

"जुना अहवाल जोडू?"

"तो आमच्याकडे आहे. तुम्ही कशाला त्रास घेता?" ती म्हणाली. "फक्त एक सुचवते. साहेब चोखंदळ आहेत. तुम्ही काय हुकूम दिले, ते किती वेळात पाळले गेले, हे नीट लिहा. ज्याचे हुकूम लोक पाळतात तो खरा कॅप्टन, असं त्यांचं मत आहे."

हे मत लिंडक्विस्टचं नव्हतं, लिओटाचंही नव्हतं. पण वेदरबीच्या काळजाला ते बरोब्बर जाऊन भिडलं.

चार दिवसांनी शपथपत्र आलं. बढाईने नुसतं ओथंबलेलं. बॉम्ब पडताच मी बॉयलरखोली बंद करण्याचा हुकूम दिला. खोलीतल्या माणसाने पाच जखमींना वर पाठवून माझ्या हुकमाप्रमाणे एका मिनिटात झडप आतून बंद केली. माझ्या जहाजावर हुकूम मोडल्याची एकही घटना घडली नाही.

लिओटाने ते तीनदा वाचलं. मग तळघरातल्या दफ्तरातून चव्वेचाळीसचा अहवाल मागवला. जहाज बुडायला का आलं, याचं उत्तर द्यायचं होतं तेव्हा माणसाने हुकूम मोडला होता. आता ॲडमिरल व्हायचं होतं, तेव्हा त्याच माणसाने हुकूम पाळला. दोन्हींखाली हॉलिस वेदरबी. कोणावर काय ढकललं होतं तेच तो विसरला होता. खोटं बोलणाऱ्याला निदान लक्षात तरी ठेवावं लागतं.

दोन्ही कागद तिने फायलीत घातले नाहीत. आत जाऊन मंत्र्यांच्या हातात दिले.

"हा मेलेला माणूस माझा भाऊ आहे, साहेब. नियमाने हे कागद मी हाताळायला नकोत. पण मी नाही आणले तर कोणी आणणार नाही."

लिंडक्विस्टनी बोट फिरवत दोन्ही वाचले. पुन्हा वाचले. "तुम्हाला काय हवंय? भावाचं नाव की याचं नाक?"

"दोन्ही," लिओटा म्हणाली.

"मग शुक्रवारी बोलवा त्याला. तुम्ही लघुलेखन घ्यायला बसा. पण तोंडातून शब्द काढायचा नाही."

शुक्रवार म्हणजे तीस तारीख. शनिवार-रविवार कचेरी बंद, आणि रविवारी नवा कायदा लागू. वेदरबी तीन वाजता आला तो पूर्ण गणवेशात, छातीवर सगळी पदकं. लिंडक्विस्टनी दोन्ही कागद त्याच्यासमोर सरकवले.

"कॅप्टन, मी बियाणं विकणारा माणूस. मला समुद्रातलं कळत नाही. यातलं खरं कुठलं, तेवढं सांगा."

वेदरबीने पहिला कागद पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "सोळा वर्षं झाली, सर. आठवणीत थोडंफार..."

"थोडंफार नाही. एका कागदात झडप उघडी आहे, एकात बंद. मी तुम्हाला कसलंही वचन देत नाही. पण खरं कुठलं हे ज्या माणसाने अजून ठरवलेलं नाही, त्याच्या शाबासकीवर मी आज सही करू शकत नाही. आणि सोमवारी करून उपयोग नाही."

लिओटाची पेन्सिल कागदावर थांबली होती. त्याने पहिला खरा म्हटला असता, तर तो खोट्या शपथेत अडकला असता, पण एल्वुड कायमचा गेला असता. तिने ओठ दाताखाली दाबून धरले. तिच्या पंधरा वर्षांची किल्ली आता त्या माणसाच्या जिभेवर होती, आणि तिला बोलायची मनाई होती.

वेदरबी घड्याळाकडे बघत होता. शाबासकी या नव्या कागदावर होती, आणि त्याला बाकी काही दिसत नव्हतं.

"दुसरा," तो म्हणाला. "झडप बंद झाली होती. पोराने आतून बंद केली."

"आणि पहिला?"

"घाईत लिहिला होता. चूक झाली."

"एवढंच खाली लिहा आणि सही करा."

त्याने केली. लिंडक्विस्टनी लिओटाने आधीच टंकून ठेवलेला नोंद दुरुस्तीचा आदेश घेतला, सवयीने ओळीखाली बोट धरून वाचला, आणि सही केली. एल्वुड ब्रॅडशॉ, कर्तव्यावर असताना, सोबत्यांचे प्राण वाचवताना मृत्यू. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"आणि माझं, सर?"

"तुमचं काय? मेलेल्या पोरावर आळ घेतला आणि सोळा वर्षं तसाच ठेवला. मधे एकदा विचारलं तेव्हाही ठाम राहिलात. शाबासकी कशाची देऊ?"

वेदरबीचा चेहरा राखेसारखा झाला. तो काहीतरी बोलू लागला, नियम, सेवा, पत्नी. लिंडक्विस्टनी पुढची फाइल उघडली होती.

तो बाहेर आला तेव्हा लिओटा टेबलाशी त्याच्या निवृत्तीचा कागद टंकत होती. हुद्दा: कॅप्टन. तिने तो शब्द मुद्दाम सावकाश टंकला, एक एक कळ जोरात दाबत. त्याला ऐकू यावं म्हणून. इतकं सुख तिला आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"जुना अहवाल त्यांच्यापर्यंत कोणी नेला?" त्याने विचारलं.

"मी."

"का? मी तुमचं काय केलं होतं?"

"तो माझा भाऊ होता."

वेदरबी तसाच उभा राहिला. टोपी हातातल्या हातात फिरवली. एवढ्यातसुद्धा त्याची सभ्यपणाची सवय जाईना.

"चांगला पोरगा होता तो," तो म्हणाला.

"खोटं बोलू नका," लिओटा म्हणाली. "तुम्हाला त्याचा चेहरा तरी आठवतो का?"

तो खाली बघत दाराकडे वळला, आणि लांबलचक बोळातून चालत गेला.

लिओटाने यंत्रातून कागद काढला. आता हे एल्वुडला सांगायचं, म्हणून तिने डोळे मिटले. पंधरा वर्षं दर रात्री ती त्याला काही ना काही सांगत आली होती. पण डोळ्यांसमोर आली ती वेदरबीची रुंद हनुवटी, डाव्या भुवईवरचा त्याचा व्रण, छायाचित्रांत वर्षागणिक पांढरे होत गेलेले त्याचे केस. ते सगळं तिला पाठ होतं. भावाच्या डोळ्यांचा रंग कोणता, हे तिला काही केल्या आठवेना.