दादाजींच्या ताटातला पाला

दादाजी गेल्याचा निरोप हिंगणघाटहून आला, तेव्हा मी परसात पालक निवडत बसले होते. त्यांच्यासाठीच. लेकीकडे गेले होते, संध्याकाळच्या बसनं देवळीला परतणार होते. झोपेतच गेले म्हणे, कुणाला त्रास नाही. निरोप ऐकूनही माझे हात पानं खुडतच राहिले... सवयीचं असंच असतं.

दादाजी म्हणजे माझे भासरे, यजमानांचे थोरले भाऊ. बायको लवकर वारली, एकुलती लेक हिंगणघाटला दिली, म्हणून जेवण आमच्यातच. आणि आमच्याकडची रीत अशी, की भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही. मग ते भिंतीकडे तोंड करून जेवायला बसायचे, मी मागून वाढायची. "मीठ कमी झालं वाटते," असं भिंतीला सांगितलं, की मी मीठ आणून ठेवायची. वर्षानुवर्षं आमचं असं छान चाललं होतं.

माणूस खाण्याचा शौकीन. भाकर, ठेचा, बाजाराच्या दिवशी मटण. हिरवं दिसलं की तो "पाला". साठी उलटली तसे ते लघवीला सारखे उठू लागले. सांगितलं कुणालाच नाही, पण वाटेत उतरता येत नाही म्हणून हिंगणघाटच्या बसनं जाणंच सोडलं. लेकीचं बोलावणं आलं, की शेतीची कामं पुढं करायचे. तहान मारायचे, जेवणाजवळ ठेवलेला तांब्या भरलेलाच परत यायचा, त्यावरून मी ओळखलं. मी यजमानांच्या मागं लागले, तेव्हा ते दादाजींना वर्ध्याला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, वयानुसार पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, आत्ताच ऑपरेशन नको. पालेभाज्या, टमाटे, कोबी खा, मटण-तेल कमी करा, पाणी कमी करू नका. भाजीनं ग्रंथी आटत नाही, पण पोट साफ राहतं, अंगाला बरं. लघवी अडली तर मात्र घरी बसू नका.

दुसऱ्याच दिवशी मी पालक, टमाट्याची भाजी आणि पत्ताकोबी वाढली. दादाजींनी ताटाकडे पाहिलं आणि शेजारी बसलेल्या यजमानांना विचारलं,

"का रे, घरात बैल किती?"

"दोन."

"मंग हे तिसऱ्याचं गवत काऊन वाढून राह्यली तुही बायको?"

मी तोंडाला पदर लावून हसले आणि आणखी एक पळी वाढली. नको म्हणायला बोलावं लागतं, अन् माझ्याशी बोलायची तर सोय नव्हती! घरच्या सुनेनं वाढलेलं टाकणार कसं? बिचारे मुकाट्यानं संपवायचे. पुढं पोट सुधारलं, पाणी प्यायला लागले, लेकीकडे एकदा बसनं जाऊनही आले. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग एका थंडीत, सकाळी यजमान शेतात गेलेले. दादाजी ओसरीवर पोटाखाली हात दाबून बसले होते, घामानं सदरा ओला. भिंतीला म्हणाले, "धाकटा कव्हा येते?" थोड्या वेळानं पुन्हा तेच. यजमान यायचे तर दुपार झाली असती. भिंत काय उत्तर देणार... मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"दादाजी, लघवी अडली ना?"

त्यांनी मान खाली घातली. "रातपासून नाई झाली, बाई."

"मंग उठा. लाजून मराचं हाय काय?"

शेजाऱ्यांच्या जीपमधून वर्धा गाठलं. नळी घातली, पुढं ऑपरेशन झालं. अजून थांबले असते तर किडनीवर गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. भाजी भाजीचं काम करते, दवाखाना दवाखान्याचं. मी हे तेव्हा शिकले आणि ओळखीच्या सगळ्या बायांना सांगत आले.

घरी आल्यावर पहिल्या जेवणाला दादाजी भिंतीकडे तोंड करूनच बसले. मी नुसता मऊ भात वाढला. तर ते मागं वळले, थेट माझ्याकडे पाहिलं. "बाई, आज पाला नाई काय?"

त्यानंतर भिंतीला सुट्टी मिळाली. कितीतरी वर्षं आम्ही पोटभर बोललो, भांडलोसुद्धा. हिंगणघाटच्या बसमध्ये मात्र ते शेवटपर्यंत दाराजवळचीच जागा धरायचे.

आता यजमानांनीही साठी ओलांडली. परवा त्यांना कोबी वाढली, तर तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, "तुम्ही किती वेळा उठता, मले समजते. सोमवारी वर्ध्याले जाचं हाय." त्यांनी आपलं ताट उचललं, दादाजींच्या जागेवर जाऊन बसले, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले,

"का गा दादा, घरात बैल किती?"