बॉनेटवरचा टॉवेल

या फोरमवरचे भुताखेतांचे सगळे धागे मी वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतो. पिंपळ, पांढरी साडी, बंद पडलेलं घड्याळ, आणि शेवटी "आजही आठवलं की अंगावर काटा येतो". माझ्या अंगावर पंचवीस वर्षांत काटा आलेला नाही. मी वाहन विम्याचा सर्व्हेअर आहे. कुठं गाडी ठोकली की मी जातो, तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो आणि मालकाच्या तोंडावर तिची किंमत कमी करून सांगतो. लोक गयावया करत सांगतात, साहेब, वळणावर एक बाई आडवी आली, बघतो तर गायब... मी विचारतो, बाईच्या आधी किती पेग आडवे आले होते? माझ्या रिपोर्टात "अपघाताचं कारण" असा एक रकाना असतो. तो मी आजवर एकदाही रिकामा सोडलेला नाही. ही माझी लायकी. आता अनुभव ऐका.

माझ्याकडे एक इटालियन गाडी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण लगेच खाली शंभर प्रतिसाद त्यावरच येतील. स्टेशन वॅगन आहे — पुढून साधी कार, मागे मात्र लांबच लांब डिकी. आपल्याकडे हे मॉडेल फारसं खपलंच नाही. लोकांना कळेना की ही कुटुंबाची गाडी आहे की मयताची. आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीत ती पहिल्यांदा आणली तेव्हा समोरच्या बंगल्यातले रिटायर्ड बँकवाले चप्पल घालून लगबगीनं बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

ही गाडी मला मिळाली होटगीत. एका ट्रॅक्टरच्या क्लेमसाठी गेलो होतो. शेजारच्या घराच्या लिंबाखाली ही उभी — बाटलीसारखा हिरवा रंग, छपरावर कोंबडी, आणि मागे सरकीच्या पेंडीची पोती. मालक मल्लप्पा अण्णा. बैलांचे दलाल. सांगोल्यापासून विजापूरपर्यंत प्रत्येक बाजारात त्यांची ऊठबस. मी विचारलं, एवढी परदेशी गाडी कशाला घेतली हो? तर म्हणाले, डिकीत वासरू उभं राहतं. इटलीत ज्या साहेबानं ती डिकी डिझाइन केली, त्यानं हे ऐकायला हवं होतं.

मी भाव विचारला. तोंडानं, मोठ्यानं, जसा कुठलाही सुशिक्षित माणूस विचारतो. अण्णांनी माझ्या तोंडासमोर पंजा धरला.

"सायेब, हिच्याम्होरं तोंडानं भाव करायचा न्हाय. जनावराला कळतंय की. मग हिला का कळू न्हये?"

आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी बॉनेटवर अंथरला. बैलबाजारात अजूनही असाच सौदा होतो, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोघांनी टॉवेलाखाली उजवा हात घालायचा. एकमेकांची बोटं धरायची, जितकी बोटं तितका आकडा. तोंडानं चकार शब्द नाही. सौदा चालू असताना अण्णा आभाळाकडे बघत बसायचे, चेहऱ्यावरून भाव कळू नये म्हणून. आणि आकडा पटला नाही की समोरच्याची करंगळी धरून खाली मुरगळायचे — हळूच, पण डोळ्यांत पाणी येईल अशी — आणि कन्नडमध्ये म्हणायचे, "बेडा." म्हणजे नको.

माझी करंगळी दोनदा मुरगळली गेली. शिवाय एक भानगड होती. अण्णांच्या उजव्या हाताचं तिसरं बोट अर्धंच होतं. तरुणपणी दाव्याच्या दोरात अडकलं आणि बैल उधळला. मी आपला धंदेवाईक प्रश्न विचारला, याची किंमत अर्धी धरायची का? अण्णा आभाळाकडे बघतच म्हणाले, "त्ये मोजू नका. त्ये बैलानं न्हेलं."

सौदा ठरला. किल्ली देताना त्यांनी एकच विचारलं. "नांदवायला नेताय का कापायला?"

दारुड्यांसाठी मी एक चेहरा राखून ठेवलेला आहे, तो करून मी म्हणालो, नांदवायला.

"मग कवा काढायची झाली तरी नांदवणाऱ्यालाच द्या. शब्द द्या." मी शब्द दिला. शब्द द्यायला काय लागतं?

त्यानंतरची सहा वर्षं मी या गाडीबद्दल जितक्या तुच्छतेनं बोललो तितक्या कुठल्याही नातेवाइकाबद्दल बोललेलो नाही. हिची क्लच वायर कोईमतूरहून आली. काच वर करायचं हँडल एका माणसानं मला असं विकलं, जणू घराण्यातला दागिना मोडतोय. ऊन तापलं की आत कडब्याचा वास सुटतो, कुठलाही स्प्रे मारा. सोलापुरात हिला हात लावणारा एकच मेकॅनिक, रफिकभाई. तेच अण्णांच्या वेळीही हिचं काम करायचे. मी पार्टची चौकशी केली की म्हणायचे, "साब, पार्ट नक्को पूछो, दूसरी कुछ बात करो."

आता मुद्द्याकडे येतो. गाडी घेतल्याच्या वर्षी समोरच्या बँकवाल्यांनी विचारलं, आज विकली तर काय येईल? मी बॉनेटवर थाप मारून म्हणालो, भंगारात वजनावर जाईल. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना. रफिकभाईंनी तीन दिवस सगळं उघडून बघितलं, काही सापडलं नाही, आणि चौथ्या दिवशी ती पहिल्या चावीला सुरू झाली. मी मनातल्या रकान्यात लिहिलं — बॅटरीचं टर्मिनल ढिलं. पुढच्या उन्हाळ्यात सिग्नलला उभा असताना फोनवर कोणाला तरी हिचा भाव सांगितला आणि हिरवा दिवा लागला तेव्हा ही गप्प. रकान्यात लिहिलं — उष्णता. रफिकभाई मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, "साब, गाडी के सामने भाव की बात नक्को करो. अण्णा बोलके गये थे ना?" त्यांनाही मी तो दारुड्यांचा चेहरा दाखवला. चेहरा स्वस्त आहे, सगळ्यांना पुरतो.

अण्णा मधल्या काळात गेले. हार्ट. मी मातीला त्याच गाडीतून गेलो होतो. त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना बसवलेलं होतं, उजवा हात मांडीवर, आणि ते अर्धं बोट मी नीट पाहिलं. म्हणजे गेलेला माणूस तोच होता आणि खरंच गेलेला होता, एवढं सर्व्हेअर म्हणून मी लिहून देऊ शकतो.

गेल्या मे महिन्यात गाडीची पंधरा वर्षं भरत आली. आरटीओत परत पासिंग करायचं किंवा काढून टाकायची. आमच्या मंडळींनी, म्हणजे सुनंदानं, स्वतःसाठी छोटी ऑटोमॅटिक बुक केली होती आणि पोर्चमध्ये जागा एकच. इंटरनेटवर जाहिरात टाकली. पुण्याहून एक मुलगा आला, रविवारी सकाळी साडेदहाला. गुडघ्यावर फाटलेली पँट, हातात महागडा फोन. गाडीभोवती फिरत "क्लासिक, क्लासिक" म्हणत होता. मग अगदी सहज बोलला की त्याच्याकडे हेच मॉडेल आहे, आणि ही त्याला डोनर म्हणून हवी आहे. डोनर म्हणजे हिचे अवयव काढून तिला लावायचे. उरलेला सांगाडा भंगारात.

सरळ सांगायचं तर कापायला.

मला अण्णा आठवले का? आठवले. तर मग मी काय केलं? काही नाही. मनात म्हटलं, मेलेल्या दलालाला जुन्या लोखंडाबद्दल दिलेला शब्द, त्याची घसारा धरून किंमत शून्य. उलट मला चेव चढला. त्या मुलाला मी अण्णांची नक्कल करून दाखवली, आवाजासकट. करंगळी, बेडा, आभाळ, सगळं. तो खूश. म्हणाला, "काका, आपण डील असंच करू या ना. मस्त वाटेल."

मला तर नाटकाला निमित्तच हवं असतं. सुनंदा चहा घेऊन आली होती, तिला आतून टॉवेल आणायला लावला. सोलापुरात राहून घरात कशाची कमी नसेल तर टॉवेलांची. मी तो झोकात बॉनेटवर अंथरला, बाह्या सरसावल्या, उजवा हात आत घातला आणि अण्णांसारखा वर बघायला लागलो. आभाळ नव्हतं, पोर्चचा स्लॅब होता.

लगेच आत हात आला. त्यानं माझी बोटं धरली.

पहिला विचार आला तो कौतुकाचा — पोरगं लॅपटॉपवाला, पण तळवा किती राठ. दाव्यानं घासून घासून झालेला असावा तसा. हात गरम होता, कोरडा होता. नंतर ती बोटं माझ्या बोटांवरून सरकली, आणि तिसरं बोट मध्येच संपलं.

मी वर बघत राहिलो. स्लॅबला एक बारीक तडा आहे, तो मला आता पाठ झालाय. त्या हातानं माझी करंगळी शोधली, धरली आणि खाली मुरगळायला सुरुवात केली. हळूच. डोळ्यांत पाणी आलं.

मी मान खाली केली. तो मुलगा माझ्यापासून तीन फुटांवर उभा होता. डाव्या हातात चहाचा कप, उजव्या हातात फोन.

"काका, असेच थांबा," तो म्हणाला. "एक फोटो घेतो, मग हात घालतो."

टॉवेलाखाली माझी करंगळी अजून धरलेलीच होती.

आयुष्यभर मी लोकांची बॉनेटं उचलून आत डोकावलो. त्या वेळी एक टॉवेल उचलायचा होता. तो मी उचलला नाही... थोड्या वेळानं पकड सुटली. अगदी सावकाश, सौदा संपल्यावर सोडतात तशी. मग मी टॉवेल काढला. खाली माझा एकट्याचा हात होता आणि करंगळी लाल झाली होती. सुनंदानं विचारलं, ॲसिडिटी झाली का?

मुलानं चहाचा घोट घेतला. "मग काका, काय ठरलं?"

"बेडा," माझ्या तोंडून निघालं.

"म्हणजे?"

"म्हणजे चहा संपव आणि नीघ."

संध्याकाळी करंगळी सुजली. ऑर्थोपेडिकवाल्यांनी एक्स-रे काढून सांगितलं, हाड ठीक आहे, पण कोणीतरी चांगली मुरगळलीय. भांडण झालं का? मी नाही म्हणालो. आता तुम्ही प्रतिसादात लिहाल — ऊन लागलं असेल, नस दबली असेल, मनात अपराधी भावना असेल. लिहा. हे सगळं मी तुमच्याआधी लिहून बघितलं आहे आणि एकेक करून खोडलं आहे. उन्हानं बोट अर्धं होत नाही. फोटोही मागू नका. तो त्या मुलाकडे आहे, मी मागवून बघितला. त्यात टॉवेल दिसतो आणि माझं तोंड दिसतं. टॉवेलाबद्दल नक्की काही सांगता येत नाही, आणि ते तोंड मी कोणाला दाखवणार नाही.

गाडीचं पासिंग करून घेतलं. सुनंदाची नवी गाडी पोर्चबाहेर उन्हात उभी असते, त्यावरून मला रोज ऐकून घ्यावं लागतं. त्या रविवारपुरता मनातला "अपघाताचं कारण" हा रकाना मात्र आयुष्यात प्रथमच रिकामा आहे.

परवा त्या मुलाचा परत फोन आला. भाव वाढवून देतो म्हणाला. मी पोर्चमध्ये गाडी पुसत होतो. त्याला एक मिनिट थांब म्हणालो, जिना चढून गच्चीवर गेलो, दार लावलं आणि मग बोललो. वर रेंज चांगली येते म्हणून.

रेंज खाली पोर्चमध्येही फुल असते. पण तो वेगळा विषय आहे.