वेशीवरचा पहारा

सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा माझी पोस्टिंग पूंछला होती. धाकटा भाऊ सुकदेव सुरतेत कापडाच्या लूमवर कामाला होता. भीतीने माणसं मिळेल त्या गाडीने घराकडे पळाली, त्यात तोही नांदगाव तालुक्यातल्या आमच्या गावी निघाला. अंगात ताप होता.

गावाने त्याला वेशीवरच अडवलं. सुरतेहून आलेल्याला आत घ्यायचं नाही, असा सरपंच रामभाऊंचा हुकूम होता. त्याला शिवारातल्या पंपाच्या खोलीत टाकलं. आई भाकरी-पाणी घेऊन निघाली, तर तिलाही धरून परत आणलं. रजा मिळून मी पोचलो तोवर त्याची राख सावडून झाली होती. आरोग्यसेवकाने घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट मागाहून आला. हिवताप. गोळ्यांनी उतरला असता.

मी पोचलो त्याच संध्याकाळी रामभाऊ दारात आले.

"तानाजी, झालं ते लय वाईट झालं. पण तू मिलिटरीतला माणूस. वेशीवरचा पहारा तूच सांभाळ."

"हुकूम तोच? कोणालाच सोडायचं नाही?"

"कोणालाच नाय."

मी काठी घेऊन उभा राहिलो. रामभाऊंचा मुलगा विलासही सुरतेलाच होता आणि अजून परतला नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

तो दोन दिवसांनी आला, खांद्यावर बॅग टाकून.

"थांब. तिथंच."

"भाऊ, मी हाय, विलास."

"ओळखलं. मागे हो."

रामभाऊ धावत आले. "अरे, त्याला काय बी झालेलं नाय. सोड त्याला."

"ऑर्डर तुमची आहे. गावासमोर मागे घ्या."

त्यांनी जमलेल्या लोकांकडे पाहिलं. लोक दोन पावलं मागे सरले.

विलास त्याच खोलीत राहिला. भाकरी-पाणी मी स्वतः नेऊन देत होतो, त्याच्याशी माझं वैर नव्हतं. बापाला मात्र जवळ जाऊ दिलं नाही. ते आठवडाभर बांधावर बसून होते. विलास धडधाकट घरी गेला. जशास तसं केलं, मला बरं वाटलं आणि आजही त्याची लाज वाटत नाही.

पुढे मी हवालदार म्हणून रिटायर झालो. सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढे गावच्या शहिदांची नावं घेण्याचं काम माझ्याकडे आलं. सीमेवर पडलेल्या दोन जवानांची नावं घेतो. मग तिसरं घेतो.

"सुकदेव. सुरतेहून घरी येताना, आपल्या वेशीवर."

"सावधान" म्हटल्यावर दोन मिनिटं सगळे उभे राहतात. रामभाऊ आता थकलेत, त्यांचे पाय कापतात. दोन मिनिटं होऊन जातात. मी लगेच "विश्राम" म्हणत नाही.