पोळ्याच्या रांगेतून ठाण्यापर्यंत

बैलांचा साज विकणारी दुसरी बाई आमच्या भागात मी तरी पाहिली नाही. झुली, वेसणी, घुंगरमाळा, शिंगांना लावायचं बेगड असा माझा माल. लग्न झालं तेव्हा मी लोकांच्या शेतात कापूस वेचायला जात होते. मग बेला गावाच्या बाजारात पोतं अंथरून बसायला लागले आणि भांडत भांडत दुकान उभं केलं. राज्याच्या सीमेपलीकडच्या यवतमाळच्या ठोक व्यापाऱ्याशी भांडले, बाजारातली माझी जागा बळकावणाऱ्याशी भांडले. माझ्याशी घासाघीस करून जिंकलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही.

नवरा अगदी उलट. बैलाशीसुद्धा हळू आवाजात बोलणारा. दुसऱ्याचं शेत ठेक्यानं करतो, बैलजोडी मात्र स्वतःची. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतो आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वस्तीत विहार झालं तेव्हापासून आमच्याकडे पूजा-नैवेद्य सुटले. मास्तर झालेला माझा भाऊ त्याला चिडवतो, "भाऊजी, दीक्षा घेतली ना? मंग हे काय?"

"बैल देव नाही, बावा," हा म्हणतो. "पन एक दिवसाचा पाहुना तं हाय."

गावात पोळ्याला आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, बैलांची रांग लागते. समोर आंब्याच्या पानांचं तोरण. पाटलाची जोडी पहिली निघते, तोरण तुटतं, पानांसाठी झोंबाझोंबी होते आणि मागोमाग बाकीच्या जोड्या सुटतात. आमच्या वस्तीच्या जोड्या रांगेबाहेर, बाभळीखाली. सगळे गेले, धुरळा बसला, की मग आम्ही. रांगेतल्या निम्म्या बैलांच्या पाठीवर माझ्या दुकानची झूल असायची. माझ्या हातची झूल रांगेत चालायची आणि माझ्या गोठ्यातला बैल चालायचा नाही. हा सौदा मला कधीच पटला नाही.

मग एका वर्षी वस्तीतल्या पोरांनी ग्रामसभेत विषय काढला. सरपंच म्हणाले, जो आधी येईल तो रांगेत उभा राहील, त्यात काय! माझ्या नवऱ्याला बोललेला शब्द खरा वाटतो. तो ऊन असतानाच जोडी घेऊन गेला आणि रांगेत, तेही मधोमध, उभा राहिला. त्याच्या शेजारी वस्तीतले आणखी तिघं.

मागून कुणी तरी म्हणालं, "काऊन बे, जागा चुकली काय?"

"नाही जी," हा म्हणाला, "जागा खाली होती."

तेवढ्यात एकानं पुढे होऊन आमच्या बैलाची वेसण ओढली. नाकातून रक्त आलं. आमच्यापैकी एकानं तो हात झटकला. मग ढकलाढकली, आरडाओरडा. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, बैल सोडून.

पोलिसांची जीप लगेच आली. माझ्या दुकानचे पत्रे कुणी तरी उपटून नेले तेव्हा मी ठाण्यात खेटे घातले होते आणि मराठी न येणाऱ्या साहेबांनी मला ऐकवलं होतं, "आपस में देख लो, अम्मा." आता मात्र साहेब पाटलाच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसले, चहा घेतला, तिथल्यांचं ऐकलं आणि आमच्या चौघांना जीपमध्ये घातलं. पलीकडचा एकही नाही. ज्यानं वेसण ओढली तो जीपला वाट करून देत होता.

नवऱ्यानं जीपमधून मला एवढंच सांगितलं, "बैलाच्या नाकाले हळद लाव."

पोळ्याला बाईमाणूस कासरा धरत नाही. मी धरला आणि जोडी भर गावातून घरी आणली. मला कुणी अडवलं नाही. माझा चेहराच तसा असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यासमोर आम्ही मोजकीच माणसं होतो, डबे घेऊन आलेल्या बायका. डबे आत घेतले नाहीत. भेटू दिलं नाही. ऊन चढलं तशा भीमपूरकडून, सीमेपलीकडून यवतमाळच्या बाजूनंही मोटारसायकली येऊ लागल्या. मग कुणी तरी म्हणालं, एकाला इतकं मारलंय की तो उठत नाही. थोड्या वेळानं 'उठत नाही'चं 'मेला' झालं. कोण मेला, कुणालाच माहीत नव्हतं. दुकानांची शटरं खाली यायला लागली.

मी साहेबांसमोर गेले. आयुष्यभर भाव केला, तसाच करायला गेले. म्हटलं, "साहब, छोड़ो मत. सिर्फ चारों को बाहर बरामदे में खड़ा करो. लोग देख लेंगे, घर चले जाएंगे."

"मैं यहां तमाशा दिखाने बैठा हूं क्या?"

"दिखाने से क्या घटता है आपका?"

त्यांनी खिडकीतून बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. मग म्हणाले, "अम्मा, तेरा आवाज बहुत है. तू अपने आदमी को ले जा. बाकी बाद में देखेंगे."

मी खोटं लिहिणार नाही. त्या क्षणी मला बाकीचे तिघं दिसलेच नाहीत. मी हो म्हटलं.

त्याला आतून आणलं. सदऱ्याची बाही फाटलेली, एक पाय ओढत होता. दारात आला, उन्हानं डोळे बारीक केले, मला पाहून हसलासुद्धा. मग त्यानं विचारलं, "बाकीचे?"

"ते येतीन मागून. चला तुमी."

"मागून म्हंजे कवा?"

मी परत 'चला'च म्हटलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अवं, ज्यानं हात झटकला त्याले तं लई मारलं. तो माह्याजवळ बसला हाय. मी गेलो तं भेईन तो." आणि तो वळून आत गेला. मागे उभ्या असलेल्या शिपायानं त्याला थांबवायला दंड धरला, मग तोही त्याच्या मागोमाग गेला.

हे मी दोन हातांवरून पाहिलं. रस्त्यावरच्या लोकांनी लांबून काय पाहिलं? लंगडत दारात आलेला एक माणूस, त्याच्या दंडावर पोलिसाचा हात, आणि माणूस परत आत. ओरडा उठला, "ओढून नेलं! ओढून नेलं त्याले!" मी हात हलवून ओरडत होते, "नाही! तो आपल्या पायानं गेला!" माझा आवाज एवढा मोठा, पण त्या दिवशी तो मलाच ऐकू आला नाही. जीपची काच फुटली. मग लाठ्या.

लोकांनी चुकीचं पाहिलं असं मला वाटत नाही. ठाण्याच्या दारातून आपला माणूस आपल्या मर्जीनं आत जातो, हे त्यांनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. ते तसं बघणार तरी कसे?

संध्याकाळी मंडळातली, म्हणजे आमच्या तालुक्यातली, मोठी माणसं मध्ये पडली आणि चौघांनाही सोडलं. तोवर दोन मोटारसायकली जळाल्या होत्या, आणि ठाण्यासमोरची एका म्हाताऱ्याची चहाची टपरीही. त्या म्हाताऱ्याचा ना रांगेशी संबंध, ना ठाण्याशी. सकाळी आम्हा बायकांना त्यानं बसायला बाक दिला होता. आमच्या कितीतरी पोरांवर केस झाली. वेसण ओढणाऱ्यावर आजही नाही, आणि हे मी मरेपर्यंत सांगत राहणार.

घरी मी त्याच्या पाठीवर गरम पाण्याचं फडकं ठेवत होते. त्यानं विचारलं, "लोकं काऊन भडकले अचानक?"

मला गप्प बसणं जमत नाही. मी सांगून टाकलं.

त्यानं फडकं बाजूला सारलं. मग म्हणाला, "मले कोनी ओढलं नवतं."

"मले मालूम हाय."

"म्हाताऱ्याले मालूम नाही."

सकाळी उभं राहता येत नव्हतं तरी तो निघाला. मी वाटभर भांडत होते. आपल्याला मारणाऱ्यांनी कुणाची माफी मागितली का, आपणच का जायचं, पाय बघा तो. तो चालत होता. मी बरोबर होतेच.

म्हातारा राखेतून किटली उचलून पुसत होता. यानं त्याला सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग साहेबानं चौघाईले दारात उभं काऊन नाही केलं? मी बी तं पाहून राह्यलो होतो."

"हेच म्या त्याले म्हटलं होतं, काका," मी म्हणाले.

नवऱ्यानं वाकलेला पत्रा उचलला. त्याचा उजवा हात वर जात नव्हता, म्हणून मी दुसरं टोक धरलं. म्हातारा दगडानं खिळे ठोकू लागला. समोर ठाण्याच्या दारात शिपाई उभा राहून आमच्याकडे बघत होता.