परत कशानं येणार?

"घर सोडून कुणी जातं का?" हे कप्तानाचं पालुपद. घर म्हणजे त्याची विमान कंपनी. बायकोपोरं राहत होती त्या जागेला तो नुसता 'फ्लॅट' म्हणायचा.

दुसऱ्या कंपन्यांनी गळ घातली, हा गेला नाही. मग धंदा बसला. प्रवासी आटले, निम्म्या वैमानिकांना नारळ मिळाला, तरी कप्तान आपला दाढी घोटून, टोपी झटकून हजर. एके दिवशी मोठ्या साहेबानं त्याला बसायला खुर्ची दिली, चहा दिला.

"जुनं मोठं विमान माळावरच्या तळावर उभं करून यायचंय. तुमच्याशिवाय कुणाच्या हाती देऊ?"

कप्तान फ्लॅटवर आला तो छाती फुगवूनच. बायको भाजी निवडत होती.

"माझ्यावरच विश्वास टाकला, बघ."

"टाकतील हो. पण परत कशानं येणार?"

"पाठवतील काहीतरी. तुझं आपलं भलतंच!"

निघाले. मागे सगळ्या खुर्च्या रिकाम्या, शेजारी तरुण सहवैमानिक. त्यानं दुसरीकडे नोकरी पक्की करून ठेवलेली.

"सर, तुम्हीही चला की तिकडं."

"तिकडं ज्येष्ठता शून्यापासून, नव्यानं रांगेत उभं राहायचं. तुझ्याही मागं."

"रांग तरी असेल, सर."

कप्तानानं विमान मात्र असं टेकवलं, जसं झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं.

माळावर विमानंच विमानं. इंजिनांची तोंडं बांधलेली, चाकांशी गवत माजलेलं. कप्तानानं एकेक बटण बंद केलं, दार ओढून घेतलं आणि साहेबाला फोन लावला.

"पोचलं, साहेब. ओरखडासुद्धा नाही. पुढचं कुठलं?"

"शाब्बास! पण तुम्ही चालवता त्या जातीचं हे शेवटचंच. आता त्याचे वैमानिकही... समजून घ्या."

कप्तानानं विचारलं, "परत कशानं येऊ?"

"सडकेवरून बस जाते म्हणतात," साहेब म्हणाला.

सहवैमानिकाला न्यायला त्याचा मेहुणा गाडी घेऊन आला होता. "सर, बसा ना."

"तू हो पुढं."

कप्तान तळाच्या राखणदाराकडे वळला. "चाकांखालचे ठोकळे रोज बघत जा."

"आता कुठं पळतंय हे, साहेब?"

कप्तानानं टोपी नीट केली आणि बॅग ओढत निघाला. जमिनीवरच्या पिवळ्या रेघेवरून, विमान न्यावं तसा अगदी मधोमध. रेघ संपली तिथं थांबला. सवयीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. येणारंजाणारं कुणीच नव्हतं. मग सडकेकडे वळला.

राखणदार बघत राहिला. सहवैमानिकही गाडीचं दार धरून तसाच उभा, आणि मेहुणा आतून हॉर्न वाजवत होता.