रिकाम्या कंसातली चूक

मी आजवर बरंच काम केलं, पण उघडपणे अभिमान वाटावा असं एकच आहे, आणि ते एका पानात मावतं.

आमच्या घरी, बेळगावच्या वडगावात, मागावर साड्या होतात. मी मात्र कॉलेज संपल्यावर टिळकवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात लागले. आम्ही एका रक्ततपासणी लॅबसाठी प्रोग्राम लिहीत होतो. लॅब बेळगावात, नमुने घ्यायची केंद्रं खेड्यापाड्यांत. नंदगडच्या केंद्रावर पेशंटच्या नोंदी करायला एक बाई होत्या. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो. तिथलं नेट सारखं जायचं. म्हणून काही बिघडलं की प्रोग्राम तो एरर तिथल्याच कॉम्प्युटरवर लिहून ठेवायचा आणि नेट आल्यावर आमच्याकडे पाठवायचा.

आमच्याकडे यायचे ते फक्त दोन महिरपी कंस. मध्ये काही नाही.

आक्कांचा आठवड्यातून दोनदा तरी फोन असायचा.

"अगं, नोंद साठवता आली न्हाय म्हणतंय. सगळं भरलंय की मी."

"आक्का, एखादा रकाना राहिला असेल. परत बघा ना."

"दोनदा बघितलं गं. मग कागदावर लिहून दिलं."

फोन ठेवला की आमचे सर म्हणायचे, "रिकामं सोडत असतील काहीतरी. लई गडबड असते त्यांना." मीही तेच धरून चालले होते. तरी ते रिकामे कंस मला बघवेनात.

प्रोग्राम चालू असताना एरर चांगला भरलेला असतो. त्याचा प्रकार असतो, संदेश असतो, तो कोणत्या ओळीवर घडला याचा माग असतो, आणि कधीकधी त्याच्या पोटात त्याला कारण झालेला दुसरा एरर असतो. पण जावास्क्रिप्ट या आमच्या प्रोग्रामच्या भाषेत तो नेहमीच्या रीतीनं मजकुरात उतरवायला गेलं, की यातलं काहीच उतरत नाही. म्हणून मी एकेक गोष्ट हातानं काढून लिहायचं ठरवलं.

पहिल्या खेपेला संदेश तेवढा आला: नोंद साठवता आली नाही. हे तर आक्का सांगतच होत्या! शिवाय आमच्या बाजूला तो उघडला की नुसता साधा एरर व्हायचा. नेट गेल्याचा एरर असला तर प्रोग्रामनं आपणहून परत प्रयत्न करायचा होता. पण प्रकारच हरवल्यामुळे त्याला काही ओळखता येईना. मग मी आमच्या एररच्या सगळ्या प्रकारांची यादी केली. पाठवताना प्रकाराचं नाव सोबत जायचं आणि इकडे यादीत बघून तोच प्रकार पुन्हा उभा राहायचा. शेवटी पोटातला एररही त्याच रीतीनं बाहेर काढला, आणि त्याच्या पोटात आणखी असला तर तोही.

दोन दिवसांनी नंदगडहून पहिला भरलेला एरर आला. वरती तेच, नोंद साठवता आली नाही. त्याच्या पोटात होतं: वय भरलेलं नाही. खाली फाईलचं नाव, ओळीचा क्रमांक. ती ओळ मी उघडली. वय नसेल तर थांब, असं तिथं लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं.

मी आक्कांना फोन लावला. "मघाशी नोंद अडली त्या पेशंटचं वय काय होतं?"

"आठ दिवसांचं बाळ गं. वर्षाच्या रकान्यात शून्य, दिवसाच्या रकान्यात आठ."

माझी ओळ फक्त वर्षाचा रकाना बघत होती, आणि जावास्क्रिप्टमध्ये तशी तपासणी केली, की शून्य आणि रिकामं यात फरक उरत नाही. माझे कान तापले.

"आक्का, चूक माझी होती. तुम्ही बरोबर भरत होता."

"मी सांगत व्हते की न्हाय!" त्या जोरात हसल्या. मग म्हणाल्या, "बाकीच्या केंद्रांवर एक वर्ष टाकून पुढं जातात म्हणं. पण जे न्हाय ते कसं लिवायचं? आठ दिवसांच्या बाळाची कावीळ अन् वर्षाच्या पोराची कावीळ एक व्हय?"

मी सरांना जाऊन सगळं दाखवलं. ओळ कुणाची, हे त्यांनी विचारलंच नाही. "हे इतक्या लांबून आलं?" एवढंच म्हणाले, आणि आक्कांना स्वतः फोन करून माफी मागितली. शून्याची ओळ त्याच दुपारी दुरुस्त झाली. बाकीच्या केंद्रांवरच्या बाळांच्या नोंदी शोधायला मात्र पुढचा आठवडा गेला. त्या कामात आक्काच पुढं होत्या; केंद्रांना फोन करून मराठीत, कन्नडमध्ये, जशी समोरची व्यक्ती असेल तसं विचारून त्यांनी खरी वयं मिळवली.

माझं ते पानभर काम आता ऑफिसच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये आहे. परवा नवीन लागलेल्या एका मुलीनं विचारलं, "हे कुणी लिहिलंय? लई नीट आहे."

"मी," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.