आत्याचा मुका तारा

माझी आत्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला होती. दुर्बीण म्हणजे डोळा लावायची नळी नव्हे. माळावर आभाळाकडे तोंड करून ठेवलेली घराएवढी थाळी. मोठा तारा मरताना मागे घट्ट गोळा उरतो, तो न्यूट्रॉन तारा. त्यातला एक, आभाळाच्या हिशेबानं अगदी शेजारचा, क्ष-किरणांत दिसायचा. असे तारे फिरताना रेडिओ लहरींचे ठोके सोडतात, पण याचे ठोके कुणाच्याच कानी पडले नव्हते. ते शोधायचं काम आत्याकडे होतं. सुट्टीत मी तिच्याकडे राहायचे. तिच्या खोलीत तापलेल्या यंत्रांचा वास असायचा आणि थाळीनं टिपलेलं कागदावर उतरवत यंत्राची लेखणी संथ सरकत असायची. अजूनही कुठे तसा वास आला की माझे पाय थबकतात.

एका दुपारी लेखणी एका लयीत उड्या मारू लागली. सगळे धावत आले. साहेबांनी तर आत्याचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. मग खात्री करायला थाळी दुसरीकडे वळवली. ठोके तसेच! म्हणजे ते ताऱ्याचे नव्हतेच. आनंदावर पाणी पडलं.

माग काढत आत्या शेजारच्या गोठ्यावर पोचली. गवळ्यानं गाईंसाठी विजेचं कुंपण घातलं होतं. ते ठरावीक वेळानं झटका सोडायचं आणि थाळी तोच टिपायची.

"हे बंद करा. मला तारा ऐकायचाय."

"आणि गाई पळाल्या, तर तुमचा तारा येणार का वळायला?"

बरीच हुज्जत झाली. शेवटी ठरलं, तारा वर असेल तोवर कुंपण बंद आणि गवळी स्वतः राखणीला. तारा उगवला की सांगायला कुणालाही पाठवता आलं असतं, पण आत्या स्वतःच जायची. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. आजी म्हणाली, "आभाळ धुंडाळलं आणि सापडला गोठ्यात!"

ताऱ्यानं मात्र शेवटपर्यंत ब्र काढला नाही. 'काही ऐकू आलं नाही' असा अहवाल गेला. पुढे ती थाळीही उतरवली.

गवळीकाका जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा आत्याकडे गेले तेव्हा ती भाजी निवडत बसली होती. मध्येच हसली.

"मी घरी आले की हे रोज विचारायचे, 'बोलला का गं तारा?' मी म्हणायची, 'नाही.' मग म्हणायचे, 'बरं, हातपाय धू. जेवायला बसू.'"

तिनं भाजी पुढे सरकवली. आम्ही दोघी निवडत बसलो.